छत्तीस चित्रांचा प्रवास

प्रवासाहून परतलेल्या मनुष्यापाशीं घरांतील मंडळी पूर्वीं आधीं प्रसाद मागत आणि मग हकीकत विचारीत. आतां हकीकतीच्याहि आधीं फोटो मागितले जातात, व ते विपुल मिळतात. खिशांतील मोबाइलवर एका दिवसांत दोन-तीनशें छायाचित्रें सहज जमतात. असें असतां कांहीं लोक, आणि त्यांत तरुणहि पुष्कळ, आजोबांच्या कपाटांतला जुना कॅमेरा बाहेर काढून त्यांत फिल्मचा रोल भरतात व यात्रेस निघतात, हें पाहून अनेकांस नवल वाटतें. हा केवळ जुन्याचा सोस, कीं त्यांत कांहीं ग्राह्यांश आहे? या प्रश्नाचा विचार मोघमपणें न करितां आपल्या वऱ्हाडांतील बुलढाणा जिल्ह्याच्या प्रवासास धरून करूं.

प्रथम लोणार घ्या. उल्केच्या आघातानें काळ्या बसाल्ट खडकांत पडलेलें हें विवर सुमारें १.८ किलोमीटर रुंद आहे. ३५ मिलिमीटरची फिल्म वापरणाऱ्या कॅमेऱ्यास ५० मिलिमीटरचें नेहमींचें भिंग लावून कांठावरून पाहिलें, तर समोरच्या कडेचा सुमारें १३०० मीटर भागच चौकटींत येतो. म्हणजे अखंड विवर एका चित्रांत मावत नाहीं. मोबाइलवाला आपलें यंत्र डावीकडून उजवीकडे फिरवितो, आणि चित्रें आपोआप सांधलीं जातात. रोलवाल्यास मात्र विचार करावा लागतो. दोन-तीन चित्रें ओळीनें घेऊन तीं घरीं जोडावींत, कीं सर्व कांहीं घेण्याचा हव्यास सोडून पाण्याकांठचें कमळजादेवीचें देऊळ व मागची झाडी एवढेंच घ्यावें? त्याच्या रोलांत चित्रें असतात छत्तीस. जुन्या पद्धतीचा १२० चा रोल व चौकोनी चित्राचा कॅमेरा असेल, तर अवघीं बारा. तेव्हां विवरासाठीं चार, धारतीर्थासाठीं दोन, दैत्यसूदनाच्या मंदिरासाठीं तीन, असा हिशेब मनाशीं मांडूनच त्यास पाऊल उचलावें लागतें. महिन्याच्या अखेरीस डब्यांतील जिन्नस बेतानें काढणारी गृहिणी प्रत्येक मूठ पाहून काढते, तसेंच हें होय. फिल्मच्या मोहिनीचें पहिलें कारण हा मोजकेपणा आहे. चित्र थोडें मिळतें म्हणून पाहणें अधिक घडतें.

दुसरें कारण सिंदखेड राजास समजतें. जिजाऊंचें हें जन्मस्थान (१५९८) पाहावयास जाणारे पुष्कळ लोक लखुजीराव जाधवांचा वाडा व समाधि पाहून परततात. पुतळा बारवेकडे थोडेच वळतात. बारवेंत वरच्या पायऱ्यांवर प्रखर ऊन व तळाशीं दाट सांवली असते. निगेटिव्ह फिल्मचा स्वभाव असा, कीं थोडा अधिक प्रकाश ती सोसते, परंतु सांवलींत प्रकाश अपुरा पडला तर तेथें तिच्यावर कांहींच उमटत नाहीं. म्हणून प्रकाश मोजावा तो सांवलीचा, असा जुन्या जाणत्यांचा नियम आहे. चित्र तत्काळ पाहण्याची सोय नसल्यामुळें ऊन कोणीकडून येतें, ढग केव्हां सरेल, हें डोळ्यांनींच वाचावें लागतें.

तिसरें कारण फिल्मच्या घडणींत आहे. याच जिल्ह्यांतील खामगांव चांदीच्या बाजारासाठीं प्रसिद्ध आहे, आणि फिल्महि मुळांत चांदीचीच करामत आहे. जिलेटिनच्या पातळ थरांत चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण पसरलेले असतात. त्यांवर प्रकाश पडला कीं अदृश्य प्रतिमा उमटते. रोल धुतांना ती काळ्या चांदीच्या रूपानें प्रकट होते, व उरलेले क्षार हायपोच्या द्रावणांत विरघळून जातात. अर्थात् कृष्णधवल निगेटिव्हमध्यें जें दिसतें, तें त्या स्थळाहून आलेल्या प्रकाशानेंच घडविलेलें असतें.

याची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. रोल महाग झाले आहेत. धुण्यासाठीं ते बहुधा मोठ्या शहरीं पाठवावे लागतात. १९३५ सालीं निघालेली प्रसिद्ध कोडाक्रोम फिल्म २००९ मध्यें बंद झाली, आणि ती धुणारी शेवटची प्रयोगशाळा २०१० च्या अखेरीस थांबली. उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यांत १९६७ पासून फिल्म तयार होऊं लागली होती. तोहि पुढें बंद पडला. मात्र २०१२ मध्यें बंद केलेली एक्टाक्रोम फिल्म कोडॅकला २०१८ सालीं पुन्हां बाजारांत आणावी लागली, यावरून गिऱ्हाईक अजून आहे हें दिसतें.

परंतु खरा प्रश्न आवडीनिवडीचा नाहीं. मागें काय उरणार, हा आहे. जून २०२० मध्यें लोणारचें पाणी गुलाबी झालें. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें तपासणी करून तो रंग क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचा असल्याचें दाखविलें. पुढें तो ओसरला. अशा बदलत्या सरोवराचें प्रत्येक तारीखवार चित्र ही एक साक्ष असते. कृष्णधवल फिल्मवर तो गुलाबी रंग करडाच दिसला असता, हें खरें. पण पाण्याची रेषा कोठें होती, देवळाची कोणती पायरी कोरडी होती, हें तिनें नेमकें सांगितलें असतें. मोबाइलमधील हजारों चित्रें यंत्र बिघडतांच नाहींशीं होतात, व जीं उरतात त्यांतून हवें तें सांपडत नाहीं. निगेटिव्ह हातांत धरतां येतें, आणि उजेडासमोर धरलें कीं यंत्रावांचून वाचतां येतें.

तेंहि अमर नाहीं. वऱ्हाडच्या उन्हाळ्यांत बंद मोटारींत ठेवलेला रोल खराब होतो. पावसाळ्यांत निगेटिव्हवर बुरशी चढते. रंगीत फिल्ममधील रंग कालांतरानें फिके पडतात. म्हणून निगेटिव्ह कागदी पाकिटांत, कोरड्या व थंड कपाटांत ठेवावींत, आणि पाकिटावर स्थळ, तारीख व माणसांचीं नांवें पेन्सिलीनें लिहावींत.

हें शेवटचें काम सर्वांत निकडीचें आहे. बहुतेक एकत्र कुटुंबांत माळ्यावरच्या एखाद्या पेटींत जुन्या यात्रांचीं निगेटिव्हें पडलेलीं असतात. त्यांतील माणसें ओळखणारी आजी किंवा आत्या अजून घरांत आहे, तोंवरच त्या चित्रांना नांवें आहेत. नवा रोल भरण्यापूर्वीं एखादी दुपार काढून ती पेटी तिच्यापुढें उघडावी.