आजारानंतरचे वजन

“मुलगी जेवू लागली, पण आता आरशासमोर रडते,” असे एखादी आई आम्हांस सांगते. मुद्दाम उपाशी राहण्याच्या आजारातून उठताना पोट व गाल पुष्कळदा आधी भरतात. मुलगी घाबरते, घरचेही सहज “जाड झालीस गं” म्हणून जातात. वाचकहो, ही शरीराची डागडुजी आहे.

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४५ साली डॉ. अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. वजन सुमारे चौथ्या हिश्शाने घटले. पुढे पोटभर मिळू लागताच ते पूर्वीपेक्षाही वाढले. मग मात्र हळूहळू मूळच्या जवळ आले. तापलेली जमीन पहिला पाऊस पिऊन टाकते, पीक नंतर उभे राहते, तसेच हे.

म्हणून तक्त्यातील एकाच आकड्याचा हट्ट नको. वेळेवर जेवण, नियमित पाळी, अंगात शक्ती, मनातून अन्नाचा धाक जाणे, या बऱ्या होण्याच्या खुणा. वजन डॉक्टरांनी पाहावे; घरातला काटा उचलून ठेवावा. घट्ट झालेले कपडे देऊन टाकावेत. आणि घरच्यांनी तिच्या अंगाविषयी बोलूच नये, कौतुकानेही नाही. शेजारी बसून चार घास सोबत खावेत, एवढे पुरे.