चाकोरी आणि धाव

पहाटे ५.३०

गजर व्हायच्या आधीच शेजाऱ्यांच्या फावड्याचा आवाज येतो. रात्रीतून वीतभर बर्फ पडलेला दिसतोय. हॉटन हे आमचं गाव मिशिगनच्या पार उत्तरेला आहे. लेक सुपीरियरमध्ये घुसलेल्या किवीनॉ द्वीपकल्पाच्या कमरेशी. तळ्यावरून वाहणारा गार वारा पाण्याची वाफ उचलतो आणि आमच्या डोक्यावर आणून ओततो. १९७८-७९ च्या हिवाळ्यात या द्वीपकल्पावर ३९०.४ इंच बर्फ पडल्याची नोंद आहे. तो आकडा दाखवणारी भलीमोठी मोजपट्टी ४१ क्रमांकाच्या महामार्गालगत उभी आहे. सांगलीहून शिकायला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी तिच्याखाली फोटो काढून घेतला होता. आता तिकडे बघतही नाही. गाडी उकरून काढायला वीस मिनिटं लागतात.

७.००

मी काम करते ते गॅरेज उघडते. काल संध्याकाळी आत ओढून ठेवलेल्या स्नोमोबाइलखाली पाण्याचं तळं साचलंय. हे फार बरं झालं. सस्पेन्शनमध्ये बर्फ गोठलेला असताना घेतलेलं कुठलंही माप खोटं निघतं.

हे यंत्र न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगते. मागे रबरी पट्टा असतो, तो ट्रॅक. पुढे दोन स्की. ट्रॅक ढकलतो आणि स्की वळवतात. पण प्लास्टिकची स्की टणक बर्फावर नुसती घसरेल, म्हणून तिच्या पोटाखाली पोलादी सळईचा रनर आवळलेला असतो. रनरच्या मधल्या भागात खाच पाडून टंगस्टन कार्बाइडची धारदार पट्टी ब्रेझिंगनं बसवतात. बैलगाडीच्या चाकाला जशी धाव, तशी ही स्कीची धाव. फरक एवढाच, की गाडीची धाव चाक वाचवते आणि ही बर्फात रुतून दिशाही धरते. चार इंची, सहा इंची, आठ इंची असं जे म्हणतात, ती या कार्बाइडची लांबी. धारेचा कोन साठ अंशांचा असेल तर ती जास्त चावते. नव्वदचा असेल तर चावा कमी, पण टिकते जास्त.

८.१५

अजून पुरतं उजाडलेलं नाही. जानेवारीत इथे सूर्य साडेआठच्या आसपास उगवतो. दारात पहिलं गिऱ्हाईक उभं, सत्तरीचे गृहस्थ. काल आत ओढलेली गाडी यांचीच.

"हात भरून येतात गं. पुढच्या गाडीची रेघ दिसली की माझी स्की तिच्यात शिरते आणि मला घेऊन जाते. शेजाऱ्यानं आठ इंची घातलीत. मलाही तीच घाल."

याला इथे डार्टिंग म्हणतात. मी मनात म्हणते, गाडी चाकोरी धरते. पांदीतल्या खोल चाकोरीत बैलगाडीचं चाक उतरलं, की कासरा कितीही ओढा, गाडी चाकोरीच्याच मर्जीनं जाते. अगदी तसंच.

आठ इंची जोडी शेल्फवर आहे. विकली तर मालक खूश होईल. पण चाकोरी धरणाऱ्या स्कीला आणखी लांब धार देणं म्हणजे तिच्या हाती जास्त घट्ट दोर देणं. "आधी बघते," म्हणते आणि फरशीवर बसते.

९.००

गॅरेजमधला माझा आवडता तास हाच. पुढचा बंपर उचलून स्की हवेत धरते आणि हातानं हलवते. डावीकडे टाय-रॉडच्या, म्हणजे हँडलचं वळण स्कीपर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या, टोकाला जीव राहिलेला नाही, खडखडतंय. रनर कितीही भारी घाला, हा खडखडाट वळणावर हातात येणारच. टोक बदलून टाकते.

आता स्कीच्या दिशा. सामान बांधायची रबरी दोरी दोन्ही स्कींच्या टोकांना अडकवून ताणते, म्हणजे सांध्यांतली सगळी ढिलाई एका बाजूला बसते. हँडल सरळ बांधते. ट्रॅकच्या कडेला एक लांब सरळ पट्टी टेकवून पुढे स्कीपर्यंत नेते. स्कीच्या बोल्टपासून दहा इंच पुढे आणि दहा इंच मागे, दोन्ही ठिकाणी पट्टीपासून कार्बाइडच्या धारेपर्यंतचं अंतर मोजते. माप स्कीच्या कडेपासून घ्यायचं नाही, कारण बर्फात कड रुतत नाही, धार रुतते.

दोन्ही स्कींची टोकं पुढे किंचित फाकलेली हवीत, दोन्ही मिळून एक अष्टमांश ते पाव इंच. या गाडीची टोकं उलट आतल्या बाजूला वळलेली निघाली. फेंगड्या पायांचा माणूस सावकाश का होईना, सरळ जातो. पण ज्याचे पंजे आत वळलेत तो स्वतःच्याच पायात अडकतो. टाय-रॉड फिरवून माप आणते. लॉकनट आवळते आणि पुन्हा मोजते. आवळताना माप हलतं, हमखास.

शेवटी स्कीचा दाब. स्की आणि तिला धरणारा पाय यांच्यामध्ये रबराचा ठोकळा असतो. स्की उचलून हळूच फरशीवर सोडली, की आधी काय टेकतं ते बघायचं. इथे कार्बाइडचं पुढचं टोक टेकतंय. म्हणजे धार नाकानं बर्फ हुंगत चाललीय आणि वाटेत दिसेल त्या रेघेत शिरतेय. रबराच्या मागच्या बाजूला पातळ पट्टी, शिम, घालते. आता मधला भाग आधी टेकतो.

एवढं होईपर्यंत मी एकही नवी वस्तू पिशवीतून काढलेली नाही. टाय-रॉडचं टोक आणि ती शिम सोडून.

११.००

आता रनर. जुन्या धारेवर अंगठ्याचं नख ओढते. चांगली धार नखाचा बारीक कीस काढते, ही नुसती घसरते. सळईसुद्धा अर्धी झिजलीय. बदलायलाच हवी. नट गंजलेत, एक बोल्ट तुटतोच. शिव्या मराठीतच येतात.

म्हाताऱ्यांना सहा इंची देते, त्याही एका स्कीखाली दोन समांतर धारा असलेल्या. दोन धारा एका रेघेत मावत नाहीत, म्हणून अशी स्की चाकोरी सहज धरत नाही. त्यांच्या ट्रॅकला स्टड, म्हणजे बर्फात रुतणारे खिळे, नाहीत. त्यामुळे त्यांना आठ इंचीची गरज नाही, असं मी सांगते. त्यांचा विश्वास बसलेला दिसत नाही.

१.००

जेवण. पेस्टी. तांब्याच्या खाणीत काम करायला आलेल्या कॉर्नवॉलच्या मजुरांनी ही करंजी इथे आणली आणि नंतर आलेल्या फिनिश लोकांनीही ती आपलीशी केली. आत मांस, बटाटा आणि रुटाबेगा हा सलगमासारखा कंद. मी वरून शेंगदाण्याची चटणी घालते. कोणी हसत नाही.

२.००

दुसरं गिऱ्हाईक अगदी उलटं. पोरानं नव्या ट्रॅकला १४४ स्टड ठोकून घेतलेत, स्की मात्र जुन्याच. हँडल वळवलं तरी गाडी सरळ निघते. मागचा ट्रॅक इतका पकडतो, की पुढच्यांना तो नुसता ढकलत नेतो. इथे लांब, साठ अंशांची धार हवीच. शिवाय मागच्या सस्पेन्शनची उघडझाप रोखणारा लिमिटर पट्टा एक भोक आखूड करते, म्हणजे थोडं वजन स्कींवर येईल.

याचं उलटं टोक मी स्वतः भोगलंय. दोन हिवाळ्यांपूर्वी माझ्या गाडीला हौसेनं लांबलचक तीक्ष्ण कार्बाइड लावली, ट्रॅकला एकही स्टड नसताना. बर्फाळ वळणावर पुढचं असं चावलं, की मागचं गर्रकन फिरून पुढे आलं. मी झाडांत, कमरेपर्यंत बर्फात. हाड मोडलं नाही, ते फक्त बर्फ मऊ होता म्हणून. तेव्हापासून "किती इंची घालू?" असं कोणी विचारलं, की मी आधी त्याच्या ट्रॅकखाली बघते.

३.३०

चाचणी. सकाळची गाडी घेऊन निघते. हॉटन आणि हँकॉक यांना जोडणाऱ्या उचलपुलाला दोन मजले आहेत. हिवाळ्यात वरून मोटारी जातात, खालून आम्ही. पुलाआधी डांबराचा उघडा तुकडा लागतो, तिथे कार्बाइड किंचाळतं. कडक आहे, पण ठिसूळ. दगडावर आपटलं की कपचा उडतो. डांबरावर सावकाश आणि हँडल सरळ ठेवूनच जायचं.

हँकॉकच्या पलीकडे ट्रेल, म्हणजे आमच्या गाड्यांची वाट, दिवसभराच्या गर्दीनं उखणलेला, रेघाच रेघा. एका हातानं हँडल धरून बघते. स्की एखाद्या रेघेत क्षणभर डोकावते आणि बाहेर येते. डार्टिंग पूर्ण गेलेलं नाही. अशा ट्रेलवर ते कुणाचंच पूर्ण जात नाही. पण हात भरून येत नाहीत.

५.३०

म्हातारे स्वतः चक्कर मारून येतात. "आठ इंची घातलीस ना शेवटी?" मी बिल दाखवते. ते चष्मा काढून पुन्हा वाचतात.

८.००

सांगलीत सकाळचे साडेसहा. घरी फोन लावते. आप्पांचा, माझ्या वडिलांचा, चहा झालेला असतो. कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर त्यांची हयात गेली. कार्बाइडच्या टूलला ते अजून विडियाच म्हणतात. जर्मनीतल्या क्रुप कंपनीचं हे नाव, मूळ अर्थ 'हिऱ्यासारखं'. १९२०च्या दशकात निघालं आणि आमच्या वर्कशॉपांत कायमचं राहिलं.

"आज काय केलंस?"

"विडिया बदलली, आप्पा. बर्फावरच्या गाडीची."

"धार दिलीस की नवी घातलीस?"

"नवी. जुनी सळईसकट गेली होती."

"बोल्ट नीट आवळलेस?"

"आवळले. आणि पन्नास मैलांनी परत आवळून घ्या म्हणून सांगितलंय."

"मग झालं."

१०.००

खिडकीतून ग्रूमरचे, ट्रेल सपाट करणाऱ्या यंत्राचे, दिवे दिसतात. थंडीत ट्रेल घट्ट बसतो, म्हणून तो रात्रीच निघतो. सकाळी आठला गिऱ्हाइकं येतील, तोवर त्यानं आजच्या सगळ्या चाकोऱ्या बुजवलेल्या असतील.