मॉन्ट्रियल करार

मॉन्ट्रियल करार (मॉन्ट्रियल प्रोटोकॉल) हा ओझोन थराचा ऱ्हास घडवणाऱ्या रसायनांचे उत्पादन व वापर टप्प्याटप्प्याने थांबवण्यासाठी झालेला आंतरराष्ट्रीय करार आहे. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे १६ सप्टेंबर १९८७ रोजी तो स्वीकारण्यात आला व १ जानेवारी १९८९ पासून अमलात आला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सर्व सदस्य देशांनी त्यास मान्यता दिली आहे. १६ सप्टेंबर हा जागतिक ओझोन दिन म्हणून पाळला जातो.

पार्श्वभूमी

स्थितांबरातील ओझोन वायू सूर्याची घातक अतिनील किरणे शोषून घेतो. शीतकपाटे, वातानुकूलन यंत्रे, फवारे व फोम यांत वापरले जाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन (सीएफसी) स्थितांबरात विघटित होऊन क्लोरीन मुक्त करतात आणि क्लोरीनचा एक अणू ओझोनचे हजारो रेणू नष्ट करतो, असे मारियो मोलिना व शेरवूड रोलँड यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले. १९८५ मध्ये जोसेफ फारमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकावरील ओझोन वसंत ऋतूत मोठ्या प्रमाणात घटत असल्याचे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी व्हिएन्ना येथे ओझोन थराच्या संरक्षणासाठी करार झाला. मात्र त्यात रसायनांवर बंधनकारक मर्यादा नव्हत्या.

तरतुदी

मूळ करारात प्रमुख सीएफसींचा वापर निम्म्यावर आणण्याचेच उद्दिष्ट होते. तथापि नव्या वैज्ञानिक माहितीनुसार मर्यादा कडक करण्याची सोय त्यात होती. तिचा उपयोग करून १९९० मध्ये लंडन येथे संपूर्ण बंदीचा निर्णय झाला, तर १९९२ मध्ये कोपनहेगन येथे विकसित देशांसाठी १९९६ ही मुदत ठरली. करारात सामील नसलेल्या देशांशी या रसायनांच्या व्यापारावर निर्बंध असल्याने बाहेर राहणे तोट्याचे ठरले.

ही समस्या प्रामुख्याने श्रीमंत देशांनी निर्माण केली असताना पर्यायी तंत्रज्ञानाचा खर्च गरीब देशांनी का सोसावा, हा मुख्य वादाचा मुद्दा होता. विकसनशील देशांना मूळ करारानेच वाढीव मुदत दिली होती. लंडन येथे त्यांच्यासाठी बहुपक्षीय निधीही स्थापन झाला. त्यानंतर १९९१ मध्ये चीन व १९९२ मध्ये भारत करारात सामील झाले. विकसनशील देशांतील सीएफसीचे उत्पादन व वापर २०१० पासून काही अपवाद वगळता बंद झाला.

परिणाम

नियंत्रित रसायनांपैकी सुमारे ९९ टक्के रसायनांचा वापर थांबला आहे. तरीही सीएफसी वातावरणात अनेक दशके टिकत असल्याने थर सावकाश भरून येत आहे. २०२२ च्या वैज्ञानिक मूल्यमापनानुसार सध्याची धोरणे कायम राहिल्यास अंटार्क्टिकावरील ओझोन २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल. आर्क्टिकवर २०४५, तर उर्वरित जगात २०४० च्या सुमारास ही पातळी गाठली जाईल.

कराराच्या पालनावर सतत लक्ष ठेवावे लागते. सीएफसी-११ चे उत्सर्जन २०१२ नंतर पुन्हा वाढल्याचे २०१८ मध्ये उघड झाले व त्याचा मोठा भाग पूर्व चीनमधून होत असल्याचे आढळले. पुढे ते घटले. सीएफसींची जागा घेणारे हायड्रोफ्लुरोकार्बन ओझोनला अपाय करत नाहीत, पण ते तीव्र हरितगृह वायू आहेत. म्हणून २०१६ मध्ये रवांडातील किगाली येथे झालेल्या दुरुस्तीने त्यांचा वापरही घटवण्याचे ठरले.