वाट विचारून चढावी

नाशिक जिल्ह्यात कोठेही उभे राहा आणि मान वर करा. कोणता ना कोणता डोंगर दिसतोच. त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरी आहे. नाशिकहून तिकडे जाताना वाटेत अंजनेरी लागतो. मनमाडजवळ अंकाई-टंकाई ही किल्ल्यांची जोडी आहे. बागलाण तालुक्यातील साल्हेर हा महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला आहे. त्याची उंची १५६७ मीटर आहे. राज्यातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे. तेही आपल्या इगतपुरी तालुक्याच्या सीमेला लागूनच उभे आहे.

एकदा नववीच्या वर्गात एका मुलाने मला विचारले, "सर, डोंगर चढायला काय लागते?" मी काही बोलण्याआधीच मागच्या बाकावरून उत्तर आले, "ताकद!" दुसरा म्हणाला, "दोर!" दोन्ही उत्तरे चूक नव्हती, पण अपुरी होती. त्यांत काय राहून गेले होते, ते मला एका गुराख्याने शिकवले होते.

मी कॉलेजात शिकत होतो तेव्हाची गोष्ट. आम्ही चार मित्र चांदवड तालुक्यातील धोडप किल्ल्यावर गेलो होतो. आम्ही तरुण होतो, पायांत जोर होता. पायथ्याच्या हट्टी गावात कोणालाही काही न विचारता आम्ही वर चढलो. उतरताना मात्र आम्हांला घाई झाली. जवळची वाट म्हणून आम्ही एका नाळेत शिरलो. नाळ म्हणजे दोन कड्यांच्या मधली अरुंद, उतरती घळ. थोडे खाली गेल्यावर पायांखालचे दगड सरकू लागले. बाटलीतले पाणी संपले. सूर्य मावळतीला आला. तेवढ्यात समोरच्या धारेवरून आवाज आला, "ए पोरांनो, खाली नका जाऊ! पुढं कडा हाय. मागं फिरा!"

तो एक वयस्कर गुराखी होता. आम्ही निमूटपणे मागे फिरलो. अंधार पडेपर्यंत तो आमच्यासाठी थांबला आणि आम्हांला गावापर्यंत घेऊन आला. आम्हांला पाणी देऊन त्याने एकच प्रश्न विचारला, "सकाळी जाताना गावात कुणाला वाट इचारली व्हती का?" आम्ही माना खाली घातल्या. 'दुरून डोंगर साजरे' ही म्हण शाळेत पाठ केली होती. तिचा अर्थ त्या संध्याकाळी कळला.

गिर्यारोहण, म्हणजे डोंगर चढण्याचा खेळ, हा एकट्याच्या ताकदीचा खेळ नाही. तो विचारण्याचा आणि सांगण्याचा खेळ आहे. आधी जाऊन आलेला माणूस नंतर जाणाऱ्याला वाट सांगतो, धोका सांगतो आणि धीरही देतो. उर्दूत आपण उस्ताद आणि शागिर्द म्हणतो ना, तसेच हे नाते आहे. फरक एवढाच की, येथे उस्ताद कधी अनुभवी गिर्यारोहक असतो, तर कधी अक्षरओळख नसलेला गुराखी.

काय विचारावे, हे समजण्यासाठी आधी आपला डोंगर समजून घ्यायला हवा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर ज्वालामुखीतील लाव्हा वाहिला. त्याचे थरावर थर साचले आणि थंड होऊन त्यांचा काळा कातळ बनला. म्हणूनच सह्याद्रीचे डोंगर पायऱ्यांसारखे दिसतात : एक उभा कडा, त्यावर थोडी सपाटी, पुन्हा कडा. दोन थरांच्या मध्ये अनेक ठिकाणी ठिसूळ माती आणि सुटे दगड असतात. अशा सरकत्या उताराला गिर्यारोहक 'घसारा' म्हणतात. उभ्या कातळाला पाहून माणूस घाबरतो आणि जपून चढतो. घसाऱ्याकडे मात्र तो दुर्लक्ष करतो आणि तेथेच फसतो.

त्यामुळे गडावर जाण्याआधी पाच गोष्टी विचाराव्यात. वाट कोणत्या बाजूने आहे? चढायला आणि उतरायला किती वेळ लागतो? पिण्याचे पाणी कोठे आहे? कातळटप्पा किंवा घसारा कोठे आहे? आणि आग्या मोहोळ कोणत्या कड्यावर आहे? शेवटचा प्रश्न ऐकून हसू नका. आग्या मधमाश्या उठल्या की कड्यावर अडकलेल्या माणसाला पळताही येत नाही. म्हणून मोहोळाजवळ धूर करू नये, अत्तर लावून जाऊ नये आणि आरडाओरडाही करू नये.

त्र्यंबकेश्वरजवळचा हरिहर किल्ला तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्याच्या उभ्या कातळात पायऱ्या कोरल्या आहेत. त्या शिडीसारख्या खड्या आहेत. हात रोवण्यासाठी त्यांच्या बाजूला खोबण्या केल्या आहेत. या पायऱ्या चढताना एक साधा नियम पाळावा. दोन हात आणि दोन पाय असे आपले चार आधार असतात. एका वेळी एकच आधार हलवावा आणि बाकीचे तीन घट्ट ठेवावेत. पावसाळ्यात या पायऱ्यांवर पाणी वाहते, शेवाळ धरते आणि गर्दीही होते. तेव्हा तेथे जाण्याचा मोह टाळावा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चढाईसाठी चांगला असतो.

याच हरिहरच्या एका उभ्या कड्यावर १९८६ साली डग स्कॉट या जगप्रसिद्ध ब्रिटिश गिर्यारोहकाने चढाई केली. तेव्हापासून तो कडा 'स्कॉटिश कडा' या नावाने ओळखला जातो. स्कॉट यांनी १९७५ साली एव्हरेस्टच्या अवघड नैर्ऋत्य बाजूने चढून शिखर गाठले होते. पण त्यांची खरी परीक्षा १९७७ साली काराकोरम पर्वतात झाली. बैंथा ब्राक हे ७२८५ मीटर उंचीचे शिखर सर करून उतरताना ते घसरले आणि त्यांचे दोन्ही पाय मोडले. चालणे अशक्य होते. ते हातांवर आणि गुडघ्यांवर रांगत कित्येक दिवसांनी खाली आले. वादळात त्यांचे साथीदार पुढे होऊन बर्फात वाट करून देत होते. त्यांनी स्कॉट यांना सोडले नाही. धीर देणे म्हणजे केवळ 'शाबास' म्हणणे नव्हे. धीर देणे म्हणजे सोबत राहणे.

आता सामानाविषयी. युरोपातील आल्प्स पर्वतात थोड्या साथीदारांनी, पाठीवर मावेल एवढेच सामान घेऊन, झटपट चढून उतरण्याची रीत आहे. तिला 'आल्पाइन पद्धत' म्हणतात. सह्याद्रीतही आपण पाठीवरच्या पिशवीत मावेल तेवढेच नेतो. मागून सामान आणून देणारे कोणी नसते. म्हणूनच पिशवी भरण्याआधी जाणत्या माणसाचा सल्ला घ्यावा.

गिर्यारोहणाचा दोर विहिरीच्या दोरासारखा नसतो. त्याच्या आत नायलॉनच्या धाग्यांचा गाभा असतो आणि बाहेर विणलेले आवरण असते. चढाईचा दोर मुद्दाम ताणला जाईल असा बनवतात. चढणारा घसरला, तर दोर ताणला जाऊन झटका सोसतो. न ताणणारा दोर वापरला, तर तोच झटका शरीराला बसतो आणि जबर इजा होते. दोरावर कधीही पाय देऊ नये. बुटाखालची बारीक खडी आवरणात शिरते आणि आतले धागे कापते. दोर बाहेरून नवा दिसतो, पण आतून कमजोर झालेला असतो.

दोर अडकवण्यासाठी झडप असलेली धातूची कडी वापरतात. तिला 'कॅराबिनर' म्हणतात. तिच्या अंगावर आकडे कोरलेले असतात. तुम्ही विज्ञानात बल शिकता. ते येथे उपयोगी पडते. लांबीच्या दिशेने या कडीने किमान २० किलोन्यूटन बल सोसले पाहिजे, असा नियम आहे. म्हणजे सुमारे २००० किलोग्रॅम वजन! पण तीच कडी आडवी झाली किंवा तिची झडप उघडी राहिली, तर हमी साधारणपणे ७ किलोन्यूटनचीच उरते. वस्तू तीच, किंमत तीच. पण वापर चुकला की ताकद निम्म्याहून कमी होते. म्हणून चढण्याआधी साथीदारांनी एकमेकांची गाठ, कमरेचा पट्टा आणि कडी तपासावी. कितीही अनुभवी माणूस असला, तरी त्याने आपली गाठ दुसऱ्याला दाखवावी. त्यात कमीपणा नाही.

हेल्मेट विसरू नये. वरच्या माणसाच्या पायाने दगड सुटतात. कधी माकडेही दगड पाडतात. नवे बूट थेट गडावर घालू नयेत. आधी काही दिवस घालून चालावे. पुरेसे पाणी, विजेरी आणि शिट्टी जवळ ठेवावी. संकटात एका मिनिटात सहा वेळा शिट्टी वाजवावी, मग एक मिनिट थांबून पुन्हा वाजवावी. ही मदतीची हाक जगभरचे गिर्यारोहक ओळखतात.

सामानाची निवड चुकली तर काय होते, याचे उदाहरण आल्प्समध्येच घडले. १४ जुलै १८६५ रोजी एडवर्ड व्हिंपर आणि त्यांचे सहा साथीदार मॅटरहॉर्न शिखरावर प्रथमच पोहोचले. उतरताना एक जण घसरला आणि त्याच्याबरोबर तिघे खेचले गेले. मधला दोर तुटला आणि चौघे दरीत कोसळले. नंतर लक्षात आले की, तुटलेला दोर हा त्यांच्याजवळच्या दोरांपैकी सर्वांत कमजोर होता. चांगले दोर सोबत होते. पण त्या जागी ते वापरले गेले नव्हते. शिखर गाठले म्हणजे चढाई संपली, असे मानू नये. घरी पोहोचल्यावरच ती संपते.

कधी कधी शिखर न गाठताच परतावे लागते. औरंगाबादचे (आताचे छत्रपती संभाजीनगर) पोलीस शिपाई शेख रफीक २०१४ साली एव्हरेस्टच्या मोहिमेवर गेले. त्या वर्षी एप्रिलमध्ये हिमकडा कोसळून १६ जण मरण पावले आणि नेपाळच्या बाजूची चढाई थांबली. २०१५ साली ते पुन्हा गेले. तेव्हा नेपाळात मोठा भूकंप झाला. दोन्ही वेळा त्यांना रिकाम्या हाती परतावे लागले. तरी ते खचले नाहीत. २०१६ च्या मे महिन्यात तिसऱ्या प्रयत्नात त्यांनी एव्हरेस्ट गाठले. डोंगर कोठे जात नाही. आज मागे फिरलेला माणूस उद्या पुन्हा जाऊ शकतो.

म्हणून सल्ला देणाऱ्यांतही फरक ओळखा. "चल रे, काही होत नाही!" असे म्हणणारा धीर देत नाही, तो भरीला घालतो. "आज वारा फार आहे, मागे फिरू, पुढच्या वेळी मी तुझ्याबरोबर येईन," असे म्हणणारा खरा मित्र असतो. तुम्हांला हा खेळ शिकायचा असेल, तर दोर घेऊन एकट्याने कड्याला भिडू नका. नाशिकमध्ये वैनतेयसारखी गिर्यारोहण संस्था आहे. दार्जिलिंग आणि उत्तरकाशी येथे गिर्यारोहणाचे शिक्षण देणाऱ्या नामवंत संस्था आहेत. घरच्यांची परवानगी घ्या, जाणत्यांकडून शिका आणि सोप्या गडापासून सुरुवात करा.

त्या दिवशी वर्गात मी फळ्यावर मुलांची दोन्ही उत्तरे लिहिली : ताकद आणि दोर. त्यांच्या वर मी तिसरे लिहिले : विचारणे. मग तो प्रश्न विचारणारा मुलगा हसून म्हणाला, "म्हणजे सर, मी पहिली पायरी चढलो!" तो खरोखरच चढला होता.

शब्दार्थ
कातळ – मोठा खडक, चट्टान
घळ – डोंगरातील अरुंद, खोल जागा
खोबणी – आधारासाठी कोरलेला खळगा
निमूटपणे – काही न बोलता, चुपचाप
भरीला घालणे – नको त्या गोष्टीसाठी उकसवणे

स्वाध्याय
१. गुराख्याने लेखकाला कोणता प्रश्न विचारला? लेखक व त्याचे मित्र यांनी माना खाली का घातल्या?
२. चढाईचा दोर ताणला जाणारा का असावा लागतो?
३. 'आज मागे फिरलेला माणूस उद्या पुन्हा जाऊ शकतो.' हे वाक्य पाठातील उदाहरणाने स्पष्ट करा.
४. तुमच्या गावाजवळच्या डोंगराविषयी घरातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि मिळालेली माहिती आठ-दहा ओळींत लिहा.