घरचे चित्रगृह आणि घुमणाऱ्या भिंती

नौपाड्यात गोखले रस्त्यावरून किंवा राममारुती रस्त्यावरून संध्याकाळी फेरफटका मारला, तर जुन्या दुमजली इमारती आणि बैठ्या घरांच्या जागी उभे राहिलेले मनोरे नजरेत भरतात. पुनर्विकासात अनेक व्यापारी कुटुंबांच्या वाट्याला पूर्वीपेक्षा एक खोली अधिक आली. तिचे काय करावे, या प्रश्नाला अलीकडे एक उत्तर वारंवार ऐकू येते, ते म्हणजे घरचे चित्रगृह. मोठा पडदा, प्रोजेक्टर, पाच-सात स्पीकर, मऊ आसने. दुकानाच्या खातेवहीइतक्याच काटेकोरपणे खर्चाचा हिशेब मांडला जातो, परंतु तो बहुधा यंत्रांपाशीच संपतो. मग पहिल्याच रविवारी घरातील वडीलधारी व्यक्ती हळूच म्हणते, "आवाज खूप आहे, पण शब्द कळत नाहीत." त्यावर आवाज आणखी वाढविला जातो आणि शब्द आणखी हरवतात.

दोष त्या व्यक्तीच्या कानांचा असतो, असे सर्वजण मानून चालतात. तो काही अंशी खराही असतो. वाढत्या वयात प्रथम उंच पट्टीचे ध्वनी ऐकू येणे कमी होते, आणि भाषेतील व्यंजने, विशेषतः 'स', 'त', 'क' यांसारखी, ओळखू येतात ती याच ध्वनींमुळे. पण त्या क्षीण व्यंजनांवर आधीच्या स्वराचे घुमणे येऊन आदळले, तर जे थोडे ऐकू येत होते तेही झाकले जाते. तरुण कान हा गोंधळ मनातल्या मनात निस्तरतात, वृद्ध कानांना ते साधत नाही. म्हणून खोलीच्या भिंतींचा विचार हा चैनीचा विषय नसून, घरातील सर्वांत वयस्क माणूस त्या खोलीत कुटुंबासह बसणार की उठून जाणार, याचा तो विचार आहे.

घुमण्याचे मोजमाप करण्याची रीत सव्वाशे वर्षांची आहे. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातील नव्या फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे कोणालाच कळेना. तेथील तरुण भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांच्याकडे ते काम आले. जवळच्या सँडर्स नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, ऑर्गनची नळी वाजवून थांबवायची, आवाज विरेपर्यंतचा काळ मोजायचा आणि सकाळपूर्वी गाद्या परत नेऊन ठेवायच्या, असा त्यांचा क्रम होता. या खटाटोपातून एक सोपे सूत्र हाती आले. खोली जितकी मोठी तितका निनादकाल अधिक, आणि तिच्यात ध्वनी शोषणारे पृष्ठभाग जितके अधिक तितका तो कमी. १९०० साली उघडलेले बोस्टनचे सिंफनी सभागृह याच सूत्राच्या आधारे बांधले गेले.

व्यापारी वाचकाला सूत्रापेक्षा हिशेब प्रिय असतो, म्हणून तोच करू. समजा खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच आहे. घनफळ ११४० घनफूट. भिंती, छत आणि फरशी मिळून सुमारे ६५८ चौरस फूट. गिलावा आणि गुळगुळीत फरशी ध्वनीचा जेमतेम शंभरात तीन भाग शोषतात, म्हणजे सगळी खोली मिळून शोषण साधारण २० चौरस फुटांचे. सूत्रातील आकडा ०.०४९ घेऊन ११४० ला गुणले आणि २० ने भागले, तर निनादकाल पावणेतीन सेकंदांच्या आसपास येतो. म्हणजे एक शब्द पुरता विरेपर्यंत पुढचे सात-आठ शब्द येऊन गेलेले असतात. आता सोफा आणि त्यावर बसलेली चार माणसे, जाड पडदे, जमिनीवर ६० चौरस फुटांचा गालिचा, एवढे धरले की शोषण ८२ च्या घरात जाते आणि निनादकाल ०.७ सेकंदावर उतरतो. घरच्या चित्रगृहाला ०.४ सेकंद बरा. त्यासाठी १४० चौरस फुटांचे शोषण हवे, म्हणजे ५८ ची तूट उरली. चांगल्या पॅनेलचा शोषणगुणांक ०.८ धरला तर ७२ चौरस फूट पॅनेल लागतील, दोन बाय चार फुटांचे नऊ नग. हा हिशेब ढोबळ आहे, पण चारही भिंती जमिनीपासून छतापर्यंत मढविण्याचे दरपत्रक जेव्हा कोणी पुढे ठेवतो, तेव्हा हाच ढोबळ हिशेब हजारो रुपये वाचवितो. शिवाय या उदाहरणात गालिचा आणि पडदे यांनी अर्धी लढाई आधीच मारली आहे, हेही ध्यानात घ्यावे.

घुमणे सर्वत्र वाईटच असते असे नाही. टेंभी नाक्यावरील मुनिसुव्रत स्वामींच्या संगमरवरी मंदिरात स्तवनाचा स्वर भरून राहतो, त्यात पाषाणाचा आणि घुमटाचा वाटा आहे. विजापूरच्या गोलघुमटात भिंतीलगत केलेली कुजबुज पलीकडच्या टोकाला कशी पोहोचते, याचा अभ्यास चंद्रशेखर वेंकट रामन यांनी केला होता. संथ सामूहिक गायनाला असा निनाद शोभतो. संवादाला आणि प्रवचनाला तो मारक ठरतो. मुंबईत १९८० साली उघडलेल्या टाटा थिएटरची ध्वनिरचना सिरिल हॅरिस यांनी केली. ध्वनिवर्धकाविना गाणे-वाजविणे शेवटच्या रांगेपर्यंत जावे, हा तिचा उद्देश. तेथे भिंती आणि छत यांच्या मोडलेल्या पृष्ठभागांनी ध्वनी विखुरला जातो, सगळा गिळला जात नाही. घरातही हेच तारतम्य हवे. सर्व बाजूंनी मढविलेल्या खोलीत बसल्यावर कान दडपल्यासारखे वाटतात आणि संगीत निर्जीव होते. मागच्या भिंतीवर पुस्तकांचे उघडे, कमी-अधिक खोलीचे कपाट असेल तर ते थोडाबहुत विखुरण्याचे काम फुकटात करते.

आता वस्तूंकडे वळू. बाजारात मुख्यतः पाच प्रकार दिसतात: कापडात गुंडाळलेले ग्लासवूल वा रॉकवूल, पॉलिस्टरच्या दाबलेल्या नमद्याचे पातळ फलक, लाकडी पट्ट्यांचे किंवा भोकांचे पॅनेल, लाकडाच्या तंतूंचे सिमेंटमिश्रित बोर्ड, आणि फोम. लाकडी पट्ट्यांचे पॅनेल दिसायला सर्वांत देखणे. पण शोषण पट्ट्या करीत नाहीत, त्यांच्या फटींमागचा मऊ थर करतो. तो थर नसेल तर आपण केवळ सुंदर सुतारकाम विकत घेतलेले असते. पॉलिस्टरचे ९ किंवा १२ मिलिमीटरचे फलक रंगीत, स्वच्छ आणि लावायला सोपे आहेत. तथापि ते थेट भिंतीला चिकटविले तर वरच्या पट्टीचाच आवाज शोषतात. खोली मंद वाटते आणि खालची घरघर तशीच राहते. माझे मत विचाराल तर दोन इंच जाडीचे, ४८ किलो प्रति घनमीटर घनतेचे रॉकवूल वा ग्लासवूल, कापडात नीट बंद केलेले आणि भिंतीपासून दोन इंच पुढे टांगलेले, याला तोड नाही. मागच्या मोकळ्या हवेमुळे तेच पॅनेल खालच्या पट्टीतही काम करू लागते, आणि त्या हवेला पैसे पडत नाहीत.

कापडाच्या बाबतीत आपल्या वाचकांपैकी अनेकजण या लेखकाहून अधिक जाणते आहेत. कसोटी एकच: कापड तोंडाशी धरून फुंकर मारावी. वारा सहज पलीकडे गेला तर ध्वनीही जाईल. मागे रबराचा किंवा प्लॅस्टिकचा लेप दिलेले सोफ्याचे कापड येथे निरुपयोगी. रेशीम का नको, हे या पृष्ठांवर सांगण्याची आवश्यकता नाही. लोकरी नमद्याला कसर लागते, आणि ठाण्याच्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल आली की पॅनेलच्या पाठीमागे बुरशी आणि बारीक किडे आलेच. मग फवारणीची वेळ येते, जी आपल्यापैकी कोणालाच रुचणार नाही. म्हणून आधी भिंतीची गळती बंद करावी, एक पावसाळा कोरडा गेल्याची खात्री करावी, आणि पॅनेल खिळ्यांनी ठोकण्याऐवजी पट्टीवर अडकवावीत. काढून मागची धूळ झाडता आली पाहिजे. चौकट प्लायची असेल तर वाळवीचाही विचार करावा.

फोमविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. स्टुडिओच्या भिंतींवर अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे लावण्याची जुनी समजूत आहे. आपल्या घरांत ते येण्याचा प्रश्नच नाही, आणि ध्वनिशोषणासाठी त्यांचा उपयोगही फारसा नाही. पण त्याच आकाराचा करडा फोम स्वस्तात मिळतो आणि तो सर्रास लावला जातो. २० फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात 'द स्टेशन' या क्लबमध्ये आतषबाजीच्या ठिणग्या भिंतीवरील अशाच पॉलियुरेथेन फोमवर पडल्या आणि १०० माणसे प्राणास मुकली. २७ जानेवारी २०१३ रोजी ब्राझीलमधील सांता मारिया शहरात 'किस' क्लबच्या छतावरचा ध्वनिशोषक फोम तसाच पेटला. तेथे २४२ बळी गेले. जळत्या फोममधून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड हे विषारी वायू बाहेर पडतात, ज्वाळा पोहोचण्यापूर्वीच माणूस खाली कोसळतो. घरच्या चित्रगृहात आतषबाजी नसते हे खरे. पण भिंतींतून वायरींची जाळी असते, तापणारा प्रोजेक्टर असतो, जाड पडदे असतात आणि दार एकच असते. स्वस्त फोमला या खोलीत जागा नाही, असे माझे ठाम मत आहे. रॉकवूल मुळातच जळत नाही. इतर कोणतीही वस्तू घेताना ज्वाला पसरण्याच्या चाचणीचा दाखला मागावा. बीएस ४७६ च्या सातव्या भागानुसार 'क्लास १' लिहिलेले असावे. कापडालाही तीच अट लावावी. 'फायरप्रूफ आहे' हे विक्रेत्याचे तोंडी आश्वासन दाखल्याच्या जागी चालत नाही, हे व्यापाऱ्यास सांगायला नको.

दुसरा दाखला ध्वनिशोषणाचा. माहितीपत्रकावर एनआरसी म्हणून एक आकडा असतो, समजा ०.८५. तो २५०, ५००, १००० आणि २००० हर्ट्झ या चार ठिकाणच्या शोषणाची सरासरी असतो. त्याखालच्या घुमाऱ्याबद्दल तो काहीच सांगत नाही. म्हणून आयएसओ ३५४ किंवा एएसटीएम सी ४२३ पद्धतीने झालेल्या चाचणीचा संपूर्ण तक्ता मागावा आणि १२५ हर्ट्झचा रकाना आधी वाचावा. चाचणीत पॅनेलमागे किती अंतर ठेवले होते, तेही पाहावे.

खालच्या पट्टीचे दुखणे वेगळेच असते. आपल्या बारा फुटी खोलीत लांबीच्या दिशेने ४७ हर्ट्झच्या आसपास, रुंदीने ५६ आणि उंचीने ५९ हर्ट्झच्या आसपास आवाज फुगतो. रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी असल्याने शेवटच्या दोन फुगवट्या एकमेकींवर येतात. बॉक्ससारख्या खोल्यांत सबवूफर एकाच सुरात गुरगुरतो तो यामुळे. इंचभर पॅनेल येथे हतबल आहे. खोलीच्या उभ्या कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत सहा इंच वा अधिक जाडीचे रॉकवूल भरलेले खांब थोडा उतार देतात. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे आसनाची जागा. बरोबर मध्यावर बसले तर लांबीचा सूर नाहीसा होतो आणि मागच्या भिंतीला टेकून बसले तर तोच कानठळ्या बसवितो. दोन्ही टाळून सोफा दोन-तीन फूट पुढे ओढावा.

पॅनेलची जागा आरसा सांगतो. एकाने नेहमीच्या आसनावर बसावे, दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून कानाच्या उंचीवर आरसा सरकवीत न्यावा. बसलेल्यास आरशात जेथे स्पीकर दिसेल, तेथून ध्वनी परतून कानावर येतो. पहिली पॅनेल तेथेच. दोन्ही भिंतींवर, मग छतावर, नंतर आसनामागे. हे काम मुलांना द्यावे, ती आनंदाने करतात.

एक गैरसमज मात्र शेजाऱ्यांशी वैर आणतो. ही पॅनेल खोलीतला आवाज सुधारतात, बाहेर जाणारा अडवीत नाहीत. अडविण्यासाठी वजन लागते: जाड भिंत, भरीव दार, फटी बंद करणारी रबरी पट्टी, सबवूफरखाली लवचीक पाया. चार इंची भिंतीपलीकडे दुसऱ्याचे शयनगृह असेल, तर नऊ नव्हे, नव्वद पॅनेल लावली तरी तेथे झोपमोड होणारच. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत मर्यादा ४५ डेसिबलची आहे, दिवसा ५५ ची. शेजारधर्माची मर्यादा याहून कडक असते.

खरेदी दोन हप्त्यांत करणे उत्तम. आधी गालिचा, पडदे आणि आरशाने दाखविलेल्या जागांसाठी चार पॅनेल आणावीत. आठवडाभर नेहमीचे कार्यक्रम नेहमीच्याच आवाजावर लावावेत आणि घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीला विचारावे की, निवेदकाचे कोणते शब्द निसटतात. उत्तर मिळेल त्याप्रमाणे उरलेली पाच मागवावीत, किंवा मागवूच नयेत.