चांदण्यांच्या उजेडात पाहणारी नळी

अमावस्येच्या रात्री जिंतूरजवळ येलदरी धरणाच्या काठावर उभं राहून पाहा. चांदण्यांचा जो अंधुक उजेड असतो, तेवढ्यावर सैनिक रात्री पाहणाऱ्या यंत्राने वाट काढतात!

🔸 दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचा ‘वाम्पीर’ आणि अमेरिकेचा ‘स्नायपरस्कोप’ अवरक्त दिव्याचा झोत टाकून पाहत. शत्रूकडे तसंच यंत्र असलं, की हाच दिवा घात करी.
🔸 व्हिएतनाम युद्धातल्या ‘स्टारलाइट स्कोप’ला दिव्याची गरजच उरली नाही.
🔸 १९७०च्या दशकात डोक्याला बांधायचा एएन/पीव्हीएस-५ गॉगल आला.

अशा गॉगलमधल्या नळीत घडतं काय? प्रकाशकण फोटोकॅथोड या प्रकाशसंवेदी थरावर आदळून इलेक्ट्रॉन बाहेर काढतात. लाखो सूक्ष्म छिद्रं असलेल्या काचेच्या चकतीत ते हजारो पटींनी वाढतात आणि फॉस्फरच्या पडद्यावर चित्र उमटतं. रंग हिरवा, कारण आपला डोळा हिरव्या छटा सर्वांत चांगल्या टिपतो.

अभिमानाची गोष्ट म्हणजे अशी नळी आपल्या महाराष्ट्रात बनते! १९९० मध्ये ‘भारत इलेक्ट्रॉनिक्स’ने नेदरलँड्सच्या डेल्फ्ट कंपनीसोबत पुण्यात त्यासाठी कंपनी उभी केली.

जुना गॉगल कधी हाती आला, तर भर उन्हात चालू करू नका. नळी कायमची निकामी होऊ शकते.