खिडकीचा वरचा फूटभर

आज पडद्यांच्या कापडाविषयी लिहायचं ठरलं होतं, पण ते पुढच्या आठवड्यात. मध्येच ठाण्याच्या एका वाचक भगिनींचा प्रश्न आला आहे आणि तो ऐन पावसाळ्यातच सोडवायला हवा. घरात आजारी माणूस असल्यामुळे त्यांना दोन महिने फारसं बाहेर पडता येणार नाही. भिंती ओल धरून आहेत, रंगाचं काम दिवाळीच्या आधी निघणार नाही, नवीन काही घ्यायचं मनात नाही. तरी त्याच त्या खोलीचा कंटाळा आला आहे, तर काय करावं? माझं उत्तर असं की पहिला हात खिडकीला घालावा. पावसाळ्यात खोली जुनाट वाटते त्याचं मोठं कारण सामानात नसतं, उजेडात असतं. आणि उजेड एकही पैसा न खर्चता बदलता येतो.

चार भिंतींत अडकलेल्या माणसाला बदल हवासा वाटतो, याला नुसते चोचले म्हणून चालणार नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या १८५९ सालच्या शुश्रूषेवरील पुस्तकात उजेडावर एक प्रकरण आहे आणि रुग्णाच्या नजरेला मिळणाऱ्या वैविध्यावर दुसरं. क्रिमियाहून परतल्यावर त्यांनी स्वतः अनेक वर्षं आजारपणात खोलीतच काढली, त्यामुळे या विषयातला त्यांचा अधिकार मोठा. पुढे १९८४ साली रॉजर उलरिच यांनी पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाच्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या त्यांनी २३ जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण सरासरी पाऊण दिवस लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. हा अभ्यास दृश्याचा आहे, उजेडाचा नाही. शिवाय रुग्ण थोडे आहेत. त्यामुळे त्यातून वाटेल तो निष्कर्ष काढू नये. पण माणूस खोलीत अडकला की खिडकीचं वजन वाढतं, एवढं त्यातून नक्की दिसतं.

यावर लगेच कोणी म्हणेल, आषाढात आभाळच काळं, तिथे खिडकी काय करणार? वास्तविक भर दुपारी पूर्ण ढगाळ आभाळाखालीही उघड्यावर हजारो लक्स उजेड असतो आणि घरात दिवाणखान्याला दोनशे-तीनशे लक्स पुष्कळ होतात. खरी गंमत पुढेच आहे. ढगाळ आभाळ सगळीकडे सारखं उजळ नसतं. पॅरी मून आणि डोमिना स्पेन्सर यांनी १९४२ साली त्याचं जे सूत्र मांडलं, त्यानुसार डोक्यावरचं आभाळ क्षितिजाजवळच्या आभाळाच्या तिप्पट उजळ असतं. म्हणजे पावसाळ्यात खिडकीचा वरचा भाग सर्वांत मोलाचा. त्यात शहरातल्या खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागातून बहुधा समोरची इमारत दिसते, आभाळ दिसतं ते वरच्या फूट-दीड फुटातून. खोलीच्या आतल्या टोकाला बसलेल्या माणसापर्यंत आभाळाचा जो थेट उजेड पोचतो, तो याच पट्टीतून.

आणि आपण नेमकी हीच पट्टी बुजवतो. तिथे पेल्मेट असतं, पडद्याची झालर असते, अर्धवट गुंडाळलेली चिक असते, आणि पावसाळा आला की या गजापासून त्या गजापर्यंत बांधलेल्या दोरीवर ओले कपडे येतात. झालर काढावी, चिक पूर्ण वर बांधावी, पडदे दिवसा खिडकीच्या चौकटीबाहेर सरकवावेत. मच्छरजाळी काढून साबणाच्या पाण्यानं धुवावी. तिच्या भोकांत वर्षभराची धूळ आणि स्वयंपाकाचं तेल बसलेलं असतं. कपडे कुठे वाळवायचे, हा आक्षेप अगदी रास्त आहे. पंख्याशिवाय आणि खिडकीतल्या वाऱ्याशिवाय ते वाळत नाहीत, कुबट वास धरतात. पण त्यासाठी दोरी खिडकीला समांतर असायलाच हवी असं नाही. ती खिडकीकडून आतल्या भिंतीकडे, काटकोनात बांधली की कपड्यांची फक्त कड उजेडाच्या आड येते, आणि दोन कपड्यांमधून वाराही सरळ खेळतो.

दुसरं काम खिडकीलगतच्या बाजूच्या भिंतीचं. खिडकीतून आलेला उजेड या भिंतीवर पडून आत फेकला जातो. पांढरी भिंत अंगावर पडलेल्या उजेडापैकी चार पंचमांश परत देते, गडद लाकूड जेमतेम पाचवा हिस्सा. तरीही कपाट कित्येक घरांत तिथेच उभं असतं. ते आतल्या कोपऱ्यात न्यावं आणि मोकळ्या झालेल्या भिंतीशी आरसा ठेवावा. भाड्याच्या घरात खिळा चालत नसेल तर नुसता टेकवून. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत हलवाहलवीला जागा कुठली, असं कोणी विचारेल. तिथे कपाट हलणार नाही हे मान्य, पण अशा खोलीला खिडक्याच मोजक्या, म्हणून वरच्या पट्टीची किंमत तिथे आणखी जास्त.

राहिला शेवटचा आक्षेप : ट्यूबलाइट लावली की उजेड होतोच, मग ही खटपट कशाला, आणि यात सजावट कुठे आली? उजेड किती, याइतकंच तो कुठून येतो हेही महत्त्वाचं. छताजवळची ट्यूब सगळ्या खोलीवर सारखाच उजेड टाकते, सावल्या पुसट होतात आणि वस्तू सपाट दिसतात. खिडकीतून तिरपा येणारा उजेड पितळी तांब्यावरचे ठोके, वेताच्या खुर्चीची वीण, खणाच्या अभ्र्याचा पोत वेगवेगळा करून दाखवतो. घरात वर्षानुवर्षं असलेली वस्तू डोळ्यांना पुन्हा दिसू लागते. सजावटीकडून याहून वेगळी अपेक्षा कोणती असते?

तेव्हा येत्या रविवारी खिडकीचा वरचा फूटभर मोकळा करा आणि आठ दिवस त्या खोलीत वावरून पाहा. पुढच्या आठवड्यात पडद्याचं कापड निवडताना या अनुभवाचा उपयोग होईल. तोवर नवीन पडदे घेऊ नका.